‘अकृषिक’ आणि ‘ना-विकास’ : दोन नकारांचा विचार

उपनगरातील जमीन दुकानांना द्यावी, घरांना द्यावी की शेतीसाठी राखावी, हा वाद सामान्यतः अर्थशास्त्राचा मानला जातो. तथापि तो ज्या संज्ञांच्या आधारे चालतो, त्यांतच निर्णयाचा काही भाग आधी दडलेला असतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. उदाहरणासाठी वसई घेऊ.

केळी, पानवेली, भाजीपाला व फुले यांच्या वाड्यांचा हा प्रदेश. १९३६ साली विजेची आगगाडी विरारपर्यंत आली आणि मुंबईशी त्याचे दळणवळण वाढले. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेल्याचे दिसते. वाड्यांच्या व पाण्याच्या रक्षणासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला, तो याच वाढीच्या संदर्भात.

आता संज्ञांकडे वळू. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत शेतीखेरीज अन्य वापर ‘अकृषिक’ ठरतो. हा पर्युदास होय : निषेधातून ‘शेतीहून अन्य ते सर्व’ असा अर्थ निघतो. परिणामी बाजारपेठ व गरिबाचे घर एकाच शब्दात सामावतात आणि त्या दोहोंतील स्पर्धा झाकली जाते. नगररचनेच्या नकाशावरील ‘ना-विकास’ हा मात्र प्रसज्यप्रतिषेधाच्या जवळ जातो. तेथे केवळ अभाव सांगितला जातो. पिकती वाडी रिकामी जागा भासू लागते.

या अभावात काय असते, हे ‘बावखल’ या स्थानिक शब्दावरून कळते. बाव म्हणजे विहीर. बावखल म्हणजे वाडीतील गोड्या पाण्याचे तळे. त्यात साठलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरते, विहिरींना पुरते व समुद्राचे खारेपण थोपवून धरते. ते बुजविल्यास वाडीबरोबरच शेजारच्या इमारतीच्या पाण्यासही धोका पोहोचतो. म्हणजे घर व शेती ही सर्वस्वी परस्परविरोधी नव्हेत.

याचा अर्थ दुकाने व कचेऱ्या नकोत असा नाही. रोजगारासाठी सुमारे ५० किलोमीटरचा प्रवास करून चर्चगेट गाठणाऱ्यास गावातच काम मिळणे हितावहच आहे. परंतु दुकानाच्या जागी पुढे घर होऊ शकते, घराच्या जागी दुकान; बुजविलेल्या बावखलावर इमारत उठली की तेथे पुन्हा बावखल होणे जवळजवळ अशक्य. म्हणून व्यापार व निवास यांचा वाद प्रथम बांधकामाखाली आलेल्या जमिनीवरच सोडवावा. मात्र वाडी राखण्याचा लाभ साऱ्या गावाला होत असता तिची किंमत एकट्या वाडीवाल्याने सोसावी, हे न्याय्य नव्हे. त्याला योग्य मोबदला मिळावयास हवा. नकाशावर ‘ना-विकास’ ऐवजी ‘वाडी’ आणि ‘बावखल’ असे लिहिले, तर हे देणे कशाचे आहे ते तरी स्पष्ट होईल.