विश्लेषण : जुनी मोटरसायकल घेतली, पण ती नावावर झाली का?

उपनगरांत लोकलच्या गर्दीला कंटाळलेला नोकरदार असो की घरपोच सेवेचे काम मिळवणारा तरुण, अनेकांची पहिली मोटरसायकल दुसऱ्या हाताची असते. पैसे दिले, किल्ली मिळाली, गाडी इमारतीखाली आली की व्यवहार पूर्ण झाला असे वाटते. प्रत्यक्षात कायद्याच्या आणि यंत्राच्या दृष्टीने खरे काम त्यानंतर सुरू होते. पहिल्या महिन्यात काय करायला हवे आणि ते टाळले तर काय होते, याविषयी...

कायद्याने मालक कोण?

ज्याच्या नावावर नोंद, तो मालक. गाडी कोण चालवतो, पैसे कोणी दिले, हे प्रश्न नंतरचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात हे स्पष्ट केले. त्यात एक मोटार हातोहात अनेकदा विकली गेली होती, पण नोंदणी पुस्तकावर पहिल्या मालकाचेच नाव राहिले होते. अपघात झाला तेव्हा गाडीचा विमाही नव्हता. भरपाईची जबाबदारी नोंद असलेल्या मालकाचीच, असे न्यायालयाने ठरवले. पीडित कुटुंबाने एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही, हा त्यामागचा विचार होता.

म्हणजे नोंद न बदलल्यास विकणारा अडचणीत येतोच. घेणाराही सुटत नाही. ई-चलानांचे संदेश जुन्या मालकाच्या मोबाइलवर जातात, गाडी चोरीला गेली तर विम्याचा दावा करताना मालकी सिद्ध करावी लागते आणि पुढे गाडी विकायची झाली तर पहिल्या मालकाला शोधत फिरावे लागते. दरम्यान त्याचे निधन झाले असेल, तर वारसांच्या सह्या मिळवण्यापासून सुरुवात होते.

मुदत किती? अर्ज कुठे?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार गाडी त्याच राज्यातील असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतराची माहिती परिवहन कार्यालयाला द्यायची असते. गाडी परराज्यातील असेल तर विकणाऱ्याला ४५ दिवस मिळतात. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० हे दोन अर्ज लागतात. दोन्हींवर विकणाऱ्याची सही हवी, म्हणून त्या सह्या पैसे देतानाच घ्याव्यात. नंतर फोन न उचलणारे विक्रेते कमी नाहीत.

अंधेरीचे कार्यालय एमएच-०२, बोरिवलीचे एमएच-४७, तर मुलुंड आणि घाटकोपरचे रहिवासी वडाळ्याच्या एमएच-०३ कार्यालयाकडे येतात. गाडी ठाण्याची, म्हणजे एमएच-०४ असेल, तर आधीच्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागेल का, हे व्यवहारापूर्वीच विचारून घ्यावे. गाडीवर कर्ज असेल तर नमुना ३५ वर बँकेची सही घेऊन बोजा उतरवावा लागतो. कर्ज फिटले असे तोंडी सांगितले तरी नोंदणी पुस्तकावर वित्त कंपनीचे नाव असेल, तर हस्तांतर अडते.

गाडी व्यावसायिकाकडून घेतली तर?

जुन्या गाड्यांच्या दुकानात पूर्वी गाडी वर्षानुवर्षे मूळ मालकाच्याच नावावर उभी असे. केंद्र सरकारने २२ डिसेंबर २०२२ रोजी नियमांत बदल केला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू झाला. आता अशा व्यावसायिकाने अधिकारपत्र घ्यायचे, गाडी ताब्यात घेतल्याची माहिती नोंदणी कार्यालयाला ऑनलाइन द्यायची आणि गाडी त्याच्याकडे असेपर्यंत मालक म्हणून जबाबदारी घ्यायची, अशी व्यवस्था आहे. त्यामुळे ‘तुमच्याकडे अधिकारपत्र आहे का?’ हा प्रश्न विचारण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

विम्याचा घोळ कुठे होतो?

तृतीय पक्षाचे, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांना होणाऱ्या इजेचे संरक्षण कलम १५७ नुसार गाडीसोबत नव्या मालकाकडे जाते. पण पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तो केला नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. मालक-चालकासाठीचे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही पॉलिसीत नाव असलेल्या मालकासाठी असते. घरातला कमावता माणूस रोज पूर्व द्रुतगती मार्गावरून जात असेल, तर ही बाब किरकोळ नाही.

आणखी एक गफलत वारंवार होते. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकींना तृतीय पक्षाचा विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे ‘विमा अजून दोन वर्षे आहे’ हे विक्रेत्याचे म्हणणे खरे असते, पण अर्धवट. स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो आणि तो कधीच संपलेला असतो. ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसून मालकाचा असतो. तोही खरेदीदाराला मिळत नाही.

पैसे देण्यापूर्वी काय तपासावे?

एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. थकीत ई-चलान वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तपासता येतात. चलान गाडीच्या क्रमांकावर असते, म्हणून ते विकणाऱ्याकडून आधी भरून घ्यावे. चॅसिस क्रमांक हँडलच्या मानेजवळ आणि इंजिन क्रमांक इंजिनच्या आवरणावर कोरलेला असतो. दोन्ही नोंदणी पुस्तकाशी अक्षरशः जुळले पाहिजेत. खाडाखोड किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर व्यवहार तिथेच थांबवावा.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवली आहे का, तेही पाहावे. राज्यात दुचाकीसाठी तिचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५३१ रुपये ठरला. मुदत अनेकदा वाढवली गेली. पण पाटी नसलेल्या गाडीचे हस्तांतर अडवण्याच्या सूचना परिवहन विभागाने दिल्या होत्या. गाडीला १५ वर्षे होत आली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्च किमतीत धरावा.

मुंबईत एक तपासणी जास्तीची लागते. ही गाडी पुरात बुडाली होती का? मीटरच्या काचेआड धुके, सीटखाली सुकलेला चिखल, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर ही त्याची लक्षणे. अंधेरी सबवे पावसाळ्यात किती वेळा बंद होतो, हे ठाऊक असलेल्याला याचे महत्त्व सांगायला नको.

पहिल्या आठवड्यात मेकॅनिककडे काय?

‘परवाच सर्व्हिसिंग केले’ या वाक्यावर विसंबू नये. इंजिन ऑइल बदलून सुरुवात करावी. काढलेले ऑइल दुधाळ दिसले तर इंजिनात पाणी शिरल्याची शक्यता असते. ऑइलची श्रेणी गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण पाहावी. बहुतेक मोटरसायकलींच्या क्लचप्लेट इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. मोटारीच्या ऑइलमधील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे त्या घसरू शकतात. मग इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही.

त्यानंतर एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक शू किंवा पॅड, क्लच व ब्रेकच्या केबल आणि चेन. डिस्क ब्रेकचे द्रव हवेतील ओलावा शोषते. दमट हवेत ते साधारण दोन वर्षांनी बदललेले बरे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी चांगली दिसली तरी रबर कडक होऊन चिरा पडल्या असतील, तर ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही.

एप्रिल २०२० पूर्वीच्या बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटर आहे. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात. पेट्रोलची नळी आणि वॉशर तपासून घ्यावेत. इथेनॉल पाणी शोषते, म्हणून गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये.

पावसाळ्यात काळजी काय?

साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर दाबू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढून मेकॅनिकला दाखवणे स्वस्त पडते. पावसाळ्यात चेनला दर ५०० किलोमीटरच्या आत वंगण द्यावे, आणि पाण्यातून गेल्यावर ब्रेक हलके दाबून कोरडे करून घ्यावेत.

सुरुवात कशाने करावी?

आधी विम्यावरचे नाव आणि हस्तांतराचा अर्ज, मग ऑइल, ब्रेक आणि टायर. रंग, सायलेन्सर आणि सीट कव्हर शेवटी. विकणाऱ्याकडून दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात. एकच मिळाली तर कुलपांचा संच बदलावा. विकणाऱ्यानेही नमुना २९ ची प्रत, खरेदीदाराचे ओळखपत्र आणि गाडी दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती जपून ठेवावी. हस्तांतर झाले की नाही, हे महिनाभराने ॲपवर पाहायला त्यालाही दोन मिनिटेच लागतात.