फांदी आधी मोजा, मशीन मग घ्या

मे महिन्यात नागपूर दिवसभर ४५ अंशांत भाजून निघतं आणि संध्याकाळी एकाएकी वादळ सुटतं. वारं अर्धा तासच राहतं, पण तेवढ्यात धरमपेठ, लक्ष्मीनगर, प्रतापनगर, सिव्हिल लाइन्समधल्या गल्ल्यांत गुलमोहर, पीतमोहर आणि कडुनिंबाच्या फांद्यांचा सडा पडतो. रस्त्यावर आडवी झालेली खोडं हलवायला महापालिकेची माणसं येतात. कुंपणाच्या आतला पसारा मात्र घरमालकानंच निस्तरायचा असतो. मग आठवडाभरात माझ्या दुकानात विचारणा सुरू होते, "भाऊ, फांद्या बारीक करायची कोणती मशीन घेऊ?"

नंदनवनात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. कूलरच्या मोटरी, पाण्याचे पंप, पिठाच्या चक्क्या हा रोजचा धंदा. अलीकडे त्यांच्या जोडीला फांद्या कापणाऱ्या मशीनही दुरुस्तीला येतात. कुणी तिला चिपर म्हणतं, कुणी श्रेडर. जळालेली मोटर उघडली की काय झालं असेल ते वाइंडिंगच्या रंगावरून कळतं, आणि बहुतेक वेळा मशीन चांगलीच असते. तिच्या तोंडात तिला न झेपणारं लाकूड घातलेलं असतं. म्हणून विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगतो, मशीन बघायला जाण्याआधी घरी जा आणि पडलेल्या फांद्या मोजून या.

आधी ढीग वेगळे करा

पडलेल्या पसाऱ्याचे तीन ढीग करा. पहिला, पाला आणि बोटाएवढ्या काड्यांचा. दुसरा, अंगठ्यापासून मनगटापर्यंत जाडीच्या फांद्यांचा. तिसरा, मनगटाहून जाड ओंडक्यांचा. पहिला ढीग थेट खताच्या खड्ड्यात जातो. तिसरा करवतीनं कापून सरपणाला द्यायचा. घरगुती मशीनसाठी तो नाहीच. प्रश्न उरतो मधल्या ढिगाचा. तो वर्षातून एकदाच, हातभर उंचीचा होत असेल, तर लांब दांड्याची फांदी-कात्री आणि घडीची करवत पुरेशी आहे. दोन-तीन मोठी झाडं असतील आणि ढीग कमरेपर्यंत येत असेल, तरच मशीनचा विचार करा.

जाडीचा हिशेब समजून घ्या. एक इंचाच्या फांदीपेक्षा दोन इंचांची फांदी दिसायला दुप्पट असते, पण पात्याला कापावं लागणारं लाकूड चौपट असतं. म्हणून 'दीड इंचाची मशीन आहे, दोन इंच घातलं तर काय होतं' हा विचार मोटरच्या जिवावर येतो. शिवाय कंपनीनं लिहिलेली कमाल जाडी सहसा सरळ, ओल्या, मऊ फांदीची असते. आपल्याकडे शेवगा आणि गुलमोहर मऊ. कडुनिंब मधला. बाभूळ, चिंच वाळली की लोखंडासारखी. बांबूत सिलिका असते, ती पात्याची धार लवकर खाते. नारळाच्या आणि शोभेच्या पामच्या झावळ्यांचे धागे कापले न जाता शाफ्टला गुंडाळतात. वड, पिंपळ, उंबर यांचा चीक पात्यांवर चिकटून बसतो. कठीण लाकूड असेल तर लिहिलेल्या जाडीच्या निम्मी धरून चाला, आणि शक्य तेवढं ओलं असतानाच कापा.

कोणती मशीन कशासाठी

बाजारात घरगुती वापराच्या तीन तऱ्हा दिसतात. पहिली, वेगानं फिरणाऱ्या चकतीवर पाती बसवलेली विजेची मशीन. हलकी असते, काड्या आणि बारीक फांद्या भराभर कापते, पण आवाज कर्कश. दुसरी, दातेरी रोलरची. तिचा रोलर मिनिटाला चाळीसेक फेरेच घेतो, फांदी स्वतःच आत ओढतो आणि चिरडत तुकडे करतो. आवाज बराच कमी, सुक्या फांद्यांवर उत्तम. मात्र ओला पाला तिच्यात अडकून बसतो. या दोन्ही तऱ्हा साधारण ४० ते ४५ मिलिमीटरपर्यंतच्या, म्हणजे पावणेदोन इंचांच्या आतल्या फांद्यांसाठी असतात.

तिसरी आपल्याकडच्या कारखान्यांत बनणारी, लोखंडी सांगाड्याची. तिच्यात पातीही असतात आणि हातोड्याही, खाली जाळी असते. पाला, झावळ्या, फांद्या असं मिश्र काम तिला जमतं. ती ३, ५ किंवा साडेसात एचपीच्या मोटरवर चालते, पेट्रोल इंजिनवरही मिळते. जड असते, पण तिचे पट्टे आणि बेअरिंग कोणत्याही चांगल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मला दुरुस्तीला सोपी तीच वाटते.

विजेचा हिशेब

इथे सगळ्यात जास्त मोटरी जळतात. ३ एचपीची सिंगल फेज मोटर पूर्ण भारावर १४ ते १५ अँपिअर ओढते. घरातला मोठा पॉवर पॉइंट १६ अँपिअरचा असतो. म्हणजे ३ एचपी ही साध्या घराची शेवटची पायरी. त्यापुढे ५ एचपीला थ्री फेज जोडणी हवी.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं कमी होतो. उन्हाळ्यात गल्लीतले सगळे कूलर आणि एसी सुरू असताना घरात २३० ऐवजी २०० व्होल्ट येत असतील, तर मोटरचा जोर जवळपास पाऊणच राहतो. त्यात मागच्या अंगणापर्यंत बारीक तारेची लांब एक्स्टेन्शन ओढली की व्होल्टेज आणखी पडतं. फांदी अडकते, मोटर गुरगुरते, तार तापते आणि वाइंडिंग काळं पडतं. म्हणून तार किमान अडीच चौरस मिलिमीटरची, शक्य तेवढी आखूड, आणि पूर्ण उलगडलेली वापरा. गुंडाळीतच ठेवली तर ती तापते. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असल्याशिवाय अंगणातल्या ओल्या मातीत विजेची मशीन लावू नका. काम सकाळी करा. तेव्हा व्होल्टेजही बरं असतं आणि अंगही भाजत नाही.

पेट्रोल इंजिनाला तारेचा प्रश्न नाही, त्यामुळे मोठ्या आवाराला किंवा शेताला ते सोयीचं. पण तेल बदलणं, प्लग साफ करणं मागे लागतं, आणि गरम इंजिनात पेट्रोल कधीही ओतायचं नाही.

दुकानात गेल्यावर

मोटरची पाटी वाचा. एचपी, फेरे, अँपिअर आणि ड्युटी. ड्युटीपुढे 'एस १' असेल तर मोटर सलग चालवण्यासाठी बनवली आहे. वाइंडिंग तांब्याचं आहे का, हे विचारा. ओव्हरलोड झाल्यावर आपोआप बंद होण्याची सोय आहे का, आणि अडकलेली फांदी काढायला उलट फिरवता येतं का, ते बघा. पाती दोन्ही बाजूंनी वापरता येत असतील तर एक धार गेली की उलटवून काम चालतं. पात्यासमोरची स्थिर पट्टी पुढे-मागे सरकवता आली पाहिजे, कारण दोघांमधली फट वाढली की लाकूड कापलं न जाता चेंगरलं जातं. सुट्या पात्यांचा एक जोड मशीनसोबतच घ्या.

फांदी घालायचं तोंड लांब हवं, इतकं की हात पूर्ण आत घातला तरी पात्यापर्यंत पोचू नये. तोंड आखूड असेल तर मशीन कितीही स्वस्त असो, सोडून द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या घरच्या फांद्यांची एक मोळी सोबत न्या. वाळलेला कडुनिंब, ओला बदाम, एखादी झावळी. जे दुकान त्यांच्यावर मशीन चालवून दाखवायला तयार नसेल, त्या दुकानातून घेऊ नका.

हात आधी, काम नंतर

फांद्या घालण्याआधी त्यांतली तार, खिळे, सुतळी काढा. नागपुरात मांजाकडे खास लक्ष द्या. संक्रांतीचा पतंग झाडावर अडकतो, मांजा वर्षभर फांद्यांत राहतो आणि वादळात खाली येतो. बंदी असलेला नायलॉन मांजा तर शाफ्टला गुंडाळून घर्षणानं वितळतो आणि बेअरिंगचं सील खातो. झाडून गोळा केलेला पाला घालू नका, त्यातल्या मुरमानं धार जाते.

चष्मा आणि कानाला संरक्षण हवंच. ओढणी, साडीचा पदर, गमछा, सैल बाह्या, बांगड्या यांतलं काहीही मशीनजवळ नको. अडकलेली फांदी काठीनं ढकला, हातानं नाही. बटण बंद केलं तरी पातं काही वेळ फिरत राहतं. ते पूर्ण थांबलं, प्लग उपसला, की मगच झाकण उघडा. एकट्यानं काम करू नका. मुलं आणि कुत्री घरात ठेवा. विजेच्या तारेवर पडलेल्या फांदीला हात लावू नका, महावितरणला कळवा.

आवाजाचाही विचार हवा. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि पात्यांची मशीन जवळून त्याच्या कितीतरी वर जाते. शेजारी आजारी माणूस किंवा परीक्षेचं मूल असेल तर आधी विचारून वेळ ठरवा.

जाळू नका, अंथरा

ढिगाला काडी लावणं सोपं वाटतं. पण २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीच बागेचा कचरा उघड्यावर जाळायला मनाई केली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. धूर शेजारच्या घरातल्या दम्याच्या माणसाला पहिला लागतो, हे त्याहून मोठं कारण. आणि पडलेली फांदी आपली असली, तरी उभ्या झाडाची जिवंत फांदी तोडायला १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. त्यासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा.

मशीनमधून निघालेले लाकडाचे तुकडे म्हणजे नागपूरच्या मातीला औषध आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. झाडाच्या आळ्यात दोन-तीन इंच थर अंथरला की ओल टिकते आणि पाणी कमी लागतं. थर बुंध्यापासून चार बोटं लांब ठेवा, नाहीतर साल कुजते. घराच्या भिंतीपासून आणि चौकटींपासून तर चांगला दोन फूट लांब, कारण वाळवी. तुकडे मातीत मिसळू नका. लाकडात कर्ब फार आणि नत्र फार थोडा असतो, ते कुजवणारे जिवाणू नत्र मातीतून ओढतात आणि रोपं पिवळी पडतात. खत करायचं असेल तर स्वयंपाकघरातला ओला कचरा, हिरवा पाला आणि शेणकाला मिसळून पावसाळाभर कुजवा.

काटोल-नरखेडकडे ज्यांची संत्र्याची बाग आहे, त्यांनी एक पथ्य पाळावं. सल, म्हणजे वाळलेल्या फांद्या, काढल्यावर निघालेल्या रोगट काड्या बारीक करून त्याच बागेत अंथरू नयेत. शेतासाठी ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारे श्रेडर मिळतात, त्यांत पऱ्हाटीही बारीक होते. ते विकत घेण्याआधी जवळच्या अवजार बँकेत भाड्यानं मिळतं का, ते विचारा.

एका घराची की लेआउटची

आता माझं स्पष्ट मत. साध्या प्लॉटवरच्या घरानं स्वतःची मशीन घेऊ नये. ती वर्षात मोजके दिवस चालते, उरलेले महिने गंजते, आणि पुढच्या वादळात काढावी तर कपॅसिटर गेलेला आणि बेअरिंग जाम झालेलं असतं. एक चांगली कात्री, एक करवत, आणि गरजेपुरती भाड्याची मशीन एवढंच पुरे. मोठं आवार आणि चार-पाच मोठी झाडं असतील, तर ३ एचपीची लोखंडी मशीन घ्यावी.

खरी गरज लेआउटची आहे. नागपुरातल्या बहुतेक लेआउटमध्ये नागरिक मंडळ आहे, मैदान आहे, समाजभवन आहे, आणि गणपतीला वर्गणी जमते. तीच मंडळी मिळून ५ किंवा साडेसात एचपीची एक थ्री फेज मशीन घेऊ शकतात. ती समाजभवनात ठेवावी, चालवायला एकाच शिकलेल्या माणसाला नेमावं, दर हंगामाआधी पात्यांना धार लावून घ्यावी. तुकडे लेआउटच्या बागेत जातील, जाड ओंडके सरपणाला. फांद्या गल्लीच्या कोपऱ्यावर कुजणार नाहीत, त्यांना कुणी काडी लावणार नाही.

यंदाचं वादळ येण्याआधी आपल्या मंडळाची एक बैठक बोलवा आणि हा विषय मांडा. बैठकीला जाताना आपल्या झाडांच्या फांद्यांची जाडी कागदावर लिहून न्या.