दया दार तोडतो, पंचनामा कोण लिहितं?

नवे फौजदारी कायदे लागू झाल्यानंतरची पहिलीच दिवाळी. शेजारी गावी गेलेले, पाडव्याच्या पहाटे त्यांच्या घराचं कुलूप तुटलेलं दिसलं. पोलीस आले तशा गल्लीतल्या खिडक्या एकेक करून लागल्या. मी दूध घ्यायला बाहेर आलो होतो, तेवढ्यावर पंच झालो.

हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला तो घराच्या चतुःसीमेचा. पूर्वेला काय? रस्ता. दक्षिणेला? माझीच भिंत. चोर पकडायचाय की खरेदीखत करायचंय, असं मनात येऊन गेलं. मग कडीकोयंडा, कपाट, जमिनीवर पडलेल्या साड्या, प्रत्येक गोष्टीची नोंद झाली. ठसेतज्ज्ञांनी कपाटावर पावडर फिरवली. चोरानं मागे टाकलेली टॉमी मोजली गेली: सव्वा फूट लांब, एक टोक चपटं, त्यावर हिरवट रंगाचे कण. ती कागदात गुंडाळली, दोऱ्यानं बांधली, लाखेचं सील लागलं, चिठ्ठीवर आम्हा दोन्ही पंचांच्या सह्या झाल्या. एक तरुण शिपाई सगळ्याचं मोबाइलवर चित्रीकरण करत होता. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. अडीच तास गेले. एवढ्या वेळात ‘सीआयडी’ मालिकेतल्या एसीपी प्रद्युम्न यांनी दोन खून उलगडून तिसऱ्याकडे मोर्चा वळवला असता.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, आमची पिढी ‘सीआयडी’वर वाढली. जानेवारी १९९८ मध्ये ती सुरू झाली. तिचे कर्ते बी. पी. सिंग मूळचे दूरदर्शनचे. त्याआधी त्यांनी मराठीत ‘एक शून्य शून्य’ केली होती, त्यातही पुढं एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम होतेच. २०१८ मध्ये थांबलेली ‘सीआयडी’ २०२४ च्या डिसेंबरात परतली. या मालिकेवर माझं प्रेम आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण खरा तपास जवळून पाहिला की तिच्यात काय नाही ते दिसू लागतं.

नावापासूनच सुरुवात करा. महाराष्ट्राच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे आणि कोठडीतले मृत्यू किंवा शासनानं सोपवलेले गुन्हे हे तिचं काम. आपल्या शहरात खून झाला तर गुन्हा नोंदवतं ते सिटी चौक, जिन्सी, सिडको असं त्या हद्दीतलं ठाणं. समांतर तपासाला गुन्हे शाखा असते. एसीपीकडे अनेक ठाण्यांचा विभाग असतो. प्रेताशेजारी बसून उशी उचलून पाहणं त्यांच्या वाट्याला सहसा येत नाही. ॲट्रॉसिटीचा गुन्हा मात्र त्या दर्जाच्या अधिकाऱ्यानंच तपासावा लागतो. ते काम मालिकेतले एसीपी क्वचितच करताना दिसतात.

शवविच्छेदनापासून प्रयोगशाळेपर्यंत सगळं एकटे करणारे मालिकेतले डॉ. साळुंखे हे तर अस्तित्वातच नसलेलं पद. मृतदेह जातो घाटी रुग्णालयात, तिथले न्यायवैद्यकशास्त्राचे डॉक्टर शवविच्छेदन करतात. व्हिसेरा, रक्ताचे कपडे जातात न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. शहरात प्रादेशिक प्रयोगशाळा आहे, पण ती घाटीची नाही, गृहखात्याची. दोन्हींच्या मधे असतो मुद्देमाल घेऊन जाणारा पोलीस. सील शाबूत होतं का, पोचपावती कुठं आहे, मधले चार दिवस पुडकं कोणाच्या कपाटात होतं, या प्रश्नांवर खटले कोसळतात. ‘सीए रिपोर्ट’ची, म्हणजे रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाची, वाट पाहणं हा ठाण्यातला नित्याचा उद्योग. अमेरिकेत अशा मालिकांच्या परिणामाला नावच पडलं आहे: ‘सीएसआय इफेक्ट’. मालिका पाहून न्यायदानाला बसलेले ज्यूरी प्रत्येक खटल्यात डीएनए मागू लागले, अशी तिथल्या वकिलांची तक्रार. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी गेलंच पाहिजे, असं आपलाही नवा कायदा म्हणतो. तयारीला राज्यांना पाच वर्षांची सवलत आहे.

आता मालिकेतला इन्स्पेक्टर दया तोडतो ते दार. दार तोडायला कायद्याची परवानगी आहे, पण आधी आपण कोण, कशासाठी आलो ते सांगून आत घेण्याची मागणी करायची. आत पडदा पाळणारी, आरोपी नसलेली बाई असेल तर तिला बाहेर निघून जायला सवड द्यायची. एवढं करून दार तोडलं तर ते पडद्यावर कसलं रंगणार?

हे सगळे तपशील चुकले तरी फारसं बिघडत नाही. करमणूक आहे, चालायचंच. बिघडतं ते शेवटच्या पाच मिनिटांत. एक थप्पड, आरोपी घडाघडा बोलतो, फ्लॅशबॅक, फाशीची धमकी, संपलं. आपल्या कायद्यात पोलिसांपुढं दिलेली कबुली पुरावाच नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम २५ हेच सांगायचं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३ तेच सांगतं. मकोकासारख्या कायद्यात वरिष्ठ अधिकाऱ्यापुढच्या कबुलीचा अपवाद आहे, तोही अटी घालून. एरवी आरोपीच्या बोलण्यातून वस्तू सापडली, तर त्या शोधापुरताच भाग ग्राह्य. ‘चाकू विहिरीत टाकला, दाखवतो’ असं तो म्हणाला की पुन्हा दोन पंच, निवेदन पंचनामा, विहीर, गळ, सील, सह्या. थप्पड पाहून टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाला हे कोणी सांगत नाही, आणि पुढं आरोपी सुटला की तो म्हणतो, पैसे खाल्ले.

मराठवाड्याला हे वेगळं शिकवायची गरज पडू नये. इथून नांदेडच्या गाडीत बसलं की जालना, परतूर, सेलू मागं टाकून मानवत रोड लागतं. १९७२ ते १९७४ या काळात मानवतमध्ये मुली आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. गुप्तधनासाठी दिलेले बळी म्हणून ते देशभर गाजले. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. १९६८ च्या रामन राघव प्रकरणामुळं त्यांचं नाव तोवर घरोघर झालेलं. त्यांच्या आठवणींवर बेतलेली ‘मानवत मर्डर्स’ २०२४ मध्ये आली. कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. गंमत म्हणजे हेच गोवारीकर १९९८ च्या ‘सीआयडी’त इन्स्पेक्टर वीरेंद्र होते. या दोन भूमिकांच्या मधलं अंतर मला फार बोलकं वाटतं. नव्या मालिकेतला अधिकारी गावात राहतो, ऐकतो, चुकतो, थांबतो. तपासाचा कंटाळवाणेपणा दाखवायची हिंमत तिच्यात आहे.

पण खऱ्या प्रकरणाचा पुढचा अंक न्यायालयात घडला. खटला उभा होता माफीच्या साक्षीदारांवर आणि कबुलीजबाबांवर. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कबुल्या नोंदवताना दंडाधिकाऱ्यांनी पथ्यं पाळली नाहीत याबद्दल बोल लावला. गुन्हा उघडकीला आणण्याच्या उत्साहात पोलिसांना हात उगारायचा मोह होतो, तो वेळीच खुडला पाहिजे, अशा आशयाचं न्या. य. वि. चंद्रचूड यांनी त्या निकालात लिहिलं. मानवतच्या नावानं कायद्याच्या पुस्तकात उरलं आहे ते हे.

ठाण्यातला खरा नायक म्हणून माझं मत ‘रायटर’ला. तपासी अंमलदाराची कागदपत्रं लिहिणारा हा हवालदार कुठल्याच मालिकेत नायक होत नाही. साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर कोठडीतल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, आणि ती तारीख यालाच पाठ असते. मधे बंदोबस्त येतो: गणपती, ईद, १७ सप्टेंबरचा मुक्तिदिन, क्रांती चौकातला मोर्चा. तपास आणि बंदोबस्त यांची माणसं वेगळी करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच राज्यांना सांगितलं होतं. तरी सकाळी बॅरिकेडपाशी उभा असलेला माणूस रात्री जबाब टंकत बसलेला आजही दिसतो. ‘क्राइम पेट्रोल’ या मालिकेला निदान हे माहीत आहे की ठाण्यात तक्रार घेण्यापासूनच घासाघीस असते.

शेजाऱ्यांच्या घरातला चोर दोन महिन्यांनी दुसऱ्याच चोरीत सापडला, असं कळलं. टॉमी कुठल्याशा मुद्देमाल खोलीत आहे, तिच्या चिठ्ठीवर माझी सही आहे. साक्षीचं समन्स अजून आलेलं नाही.