शेणाचा हिशेब

एकवीरेच्या पायथ्याला, कार्ल्यात, पावसाळाभर ओली लाकडे फुंकलेल्या बाईला गोबरगॅसचे अर्थशास्त्र शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते बँकेला. कर्जाचे अर्ज तपासण्यात माझी हयात गेली; त्यांत मिळकतीचा रकाना असे, वाचलेल्या खर्चाचा नसे.

आता हिशेब पाहा. चार-पाच जनावरांचे ५० किलो शेण रोज सुमारे २ घनमीटर गॅस देते. म्हणजे पंधरा-सोळा दिवसांना घरचा एक सिलिंडर वाचला. शिवाय शेणातले नत्र गोवरीबरोबर जळत नाही. रबडीतून भातखाचरात जाते. (थंडीत गॅस कमी येतो, हे दलाल सांगत नाहीत. आणि शेण कालवायचे काम बहुधा त्याच बाईकडे!)

पण गोठे रिकामे होत चालले, त्याचे काय? याच इंद्रायणीकाठी, खाली देहूला, १९५९ साली आलेल्या डॉ. मापुसकरांनी संडासच गॅसच्या टाकीला जोडून दाखवला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्या गॅसवर भाकरी म्हटले की नाके मुरडतात. ज्योत मात्र निळीच असते. पाच माणसांच्या घराचा त्यावर जेमतेम चहा होतो, हे खरे. म्हणून दावणीला दोन गाई उरल्या असतील तोवरच संडासाची नळी त्याच टाकीत सोडून घ्यावी.