पुणेरी पलटण : एका व्यावसायिक प्रादेशिक संघाची जडणघडण

प्रदेशाचे नाव धारण करणारा व्यावसायिक क्रीडासंघ खरोखर त्या प्रदेशाचा कितपत असतो, या प्रश्नाचा विचार करताना वेल्समधील रग्बीचे उदाहरण उद्बोधक ठरते. रग्बी युनियन हा खेळ १९९५ साली अधिकृतपणे व्यावसायिक झाला. वाढता खर्च जुन्या क्लबांना पेलवेना, म्हणून २००३ मध्ये वेल्सने सर्वोच्च स्तरावर पाच प्रादेशिक संघ उभे केले. त्यांपैकी ‘सेल्टिक वॉरियर्स’ हा संघ पाँटिप्रिड आणि ब्रिजेंड या दोन परंपरागत प्रतिस्पर्धी क्लबांच्या एकत्रीकरणातून निर्माण झाला आणि अवघ्या एका हंगामानंतर, २००४ मध्ये, विसर्जित करण्यात आला. नकाशावर प्रदेश आखता येतो, परंतु त्या आखणीने प्रेक्षकांची निष्ठा हस्तांतरित होत नाही. आपल्याकडे जून २०२५ मध्ये रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तेव्हा ‘मुंबई ड्रीमर्स’सह सहा शहरांची वा प्रदेशांची नावे घेतलेले संघ अंधेरीच्या एकाच मैदानावर खेळले. अशा रचनेत प्रदेश हे प्राधान्याने नावच राहते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा अभ्यास करावयाचा तर दशकाहून अधिक इतिहास असलेला कबड्डीचा संघ घ्यावा लागेल. प्रस्तुत लेखात ‘पुणेरी पलटण’ या संघाचा त्या दृष्टीने विचार केला आहे. येथे एक बाब ध्यानात घ्यावी. कबड्डी हा महाराष्ट्रात बाहेरून आलेला खेळ नव्हे. हुतूतूला नियमबद्ध रूप देण्यात येथील क्रीडासंस्थांचा मोठा वाटा आहे, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने त्याचे प्रात्यक्षिक घडविले होते. गावोगावची मंडळे, जिल्हा संघ आणि राज्य संघ ही प्रादेशिक प्रतिनिधित्वाची शिडी त्यामुळे व्यावसायिक स्पर्धेच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात होती. नव्या संघांपुढील खरा प्रश्न या शिडीशी नाते जोडण्याचा होता.

प्रो कबड्डी लीगचा प्रारंभ २६ जुलै २०१४ रोजी आठ संघांनिशी झाला. खेळाडू लिलावाने घेतले जात. पहिल्या लिलावातील सर्वोच्च बोली राकेशकुमार यांच्यासाठी १२ लाख ८० हजार रुपयांची होती. पुण्याच्या संघाने नाव मात्र मोठे चपखल घेतले. ‘पलटण’ हा इंग्रजांच्या लष्करी शब्दावरून येऊन मराठीत पुरता रुजलेला शब्द, आणि ‘पुणेरी’ या विशेषणाविषयी तर बोलावयास नकोच! नाव असे अस्सल असले, तरी २०१४ आणि २०१५ या दोन्ही हंगामांत संघ तळाशी राहिला. याच काळात शेजारचा ‘यू मुंबा’ संघ अनुक्रमे उपविजेता व विजेता ठरला. त्याचे कर्णधार अनुपकुमार हे हरियाणाचे. मुंबईकरांनी त्यांना आपले मानले, यावरून खेळाडूचे जन्मगाव हा प्रादेशिकतेचा एकमेव निकष नव्हे, हे स्पष्ट होते.

पुढे २०१६ मधील दोन्ही हंगामांत पुण्याने तिसरा क्रमांक मिळविला. संघ सुधारला होता. तथापि तो लिलावातून जुळविलेला होता आणि लिलावातून जुळलेला संघ पुढच्या लिलावात विस्कटतो. यातून मार्ग निघाला तो स्पर्धेच्याच एका तरतुदीतून. ‘नवा तरुण खेळाडू’ या वर्गात संघांना काही उदयोन्मुख खेळाडू लिलावाबाहेर करारबद्ध करता येतात. पलटणने ‘युवा पलटण’ या आपल्या प्रशिक्षण उपक्रमाशी या तरतुदीची सांगड घातली. अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यातील टाकळीभानचा अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत हे चढाईपटू २०२१-२२ च्या हंगामात पुढे आले, तेव्हा संघाचे प्रशिक्षक होते ते हेच अनुपकुमार.

या घडणीचे महत्त्व एका पराभवातून अधिक नेमके कळते. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात अस्लम आणि मोहित हे दोघेही दुखापतीमुळे खेळू शकले नाहीत, आणि जयपूरने पुण्याचा ३३-२९ असा पराभव केला. तोवर विकत घेतलेल्या नामवंतांवर विसंबणारा हा संघ स्वतः घडविलेल्या मुलांवाचून अपुरा पडला. पुढील हंगामात अस्लम कर्णधार झाला. साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकून पुणे अव्वल राहिले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून त्याने पहिले विजेतेपद मिळविले. अंतिम सामन्यात मुंबईच्या पंकज मोहितेची चढाई निर्णायक ठरली. अस्लम आणि आकाश शिंदे हे त्याच हंगामापूर्वी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात होते. अर्थात हे यश केवळ घरच्या भाकरीवर मिळाले असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. बचावाची धुरा इराणच्या मोहम्मदरेझा शादलूकडे होती आणि त्याच्यासाठी संघाने २ कोटी ३५ लाख रुपये मोजले होते.

खेळाडूंच्या बाबतीत संघ अशा रीतीने प्रदेशाच्या जवळ येत असताना सामने मात्र प्रदेशापासून दूर जात होते. आरंभीच्या हंगामांत स्पर्धेचा तांडा प्रत्येक संघाच्या गावी मुक्काम करी. पुण्याचे सामने बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात होत. करोनाकाळातील २०२१-२२ चा संपूर्ण हंगाम बंगळूरच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांविना पार पडला. २०२३-२४ मध्ये बारा शहरांचा फेरा पुन्हा झाला. पण २०२४ मध्ये तीनच केंद्रे उरली. त्या वर्षीचा अंतिम सामना बालेवाडीत झाला खरा, परंतु तो हरियाणा आणि पाटणा यांच्यात. यजमान शहराचा संघ बाद फेरीतही नव्हता.

व्यावसायिक संघाला महाविद्यालयीन खेळाडूशी जोडणारा दुवा दूरचित्रवाणी नसून असा प्रत्यक्ष सामना होय. डहाणू-तलासरीसारख्या भागातील मुलगा मातीच्या मैदानावर खेळतो. मॅटवरील पदन्यास, बूट घालून घेतलेली चढाई, अर्ध्या मिनिटाचे बंधन यांचा अनुभव त्याला पडद्यावरून येत नाही. निवड चाचणी आणि घरचे सामने या दोन वाटांपैकी पहिली खुली असली, तरी तिच्याकडे पाऊल वळावे यासाठी दुसरी लागते.

२०२५ च्या हंगामात सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे झाले. पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोहोचली आणि ३१ ऑक्टोबर रोजी दिल्लीत, दिल्लीच्याच संघाकडून २८-३१ असा पराभव पत्करून परतली. त्या संपूर्ण हंगामातील एकही सामना महाराष्ट्राच्या भूमीवर खेळला गेला नव्हता.