दवाखाना उघडा होता

कोविडच्या पहिल्या वर्षात देशातले किती डॉक्टर गेले, या साध्या प्रश्नाला फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन उत्तरे मिळाली. केंद्र सरकारने राज्यसभेत आकडा दिला १६२. इंडियन मेडिकल असोसिएशनने लगेच हरकत घेतली आणि स्वतःचा आकडा सांगितला: ७३४. त्यातले ४३१ जनरल प्रॅक्टिशनर होते, म्हणजे ज्यांना आपण फॅमिली डॉक्टर म्हणतो ते. मेलेल्या दर पाच डॉक्टरांमागे जवळजवळ तिघे. अतिदक्षता विभाग त्यांच्या वाट्याला आलेच नव्हते. रस्त्यालगतच्या गाळ्यात, एक टेबल, एक तपासणीची खाट आणि बाहेर बाकावर बसलेले रुग्ण, एवढ्या जागेत त्यांनी साथ अंगावर घेतली.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात असे गाळे पावलोपावली आहेत. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, देशाला स्वतःचे पेनिसिलिन मिळाले. मग टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली, आणि पुढे चाकणला बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन अशी रांग लागली. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतच १७ लाख २७ हजार माणसे मोजली गेली. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या या माणसांमागोमाग भोसरी, काळेवाडी, रुपीनगर, मोशी, नाणेकरवाडी, खराबवाडीत दवाखाने उघडले. पाटीवर कुणाचे एमबीबीएस, पुष्कळांचे बीएएमएस किंवा बीएचएमएस. वेळा कंपनीच्या पाळ्यांवर ठरलेल्या. सेकंड शिफ्टला जाणारा दुपारी जाता जाता डोकावतो, फर्स्ट शिफ्टवाला संध्याकाळी पोरांना घेऊन येतो. कंत्राटी कामगाराला एक दिवसाची सुट्टी म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. त्यामुळे ताप आला की त्याचे पहिले वाक्य ठरलेले असते: डॉक्टर, उद्या कामावर जायचंय. या वाक्याचे काय करायचे, हे फॅमिली डॉक्टरला रोज ठरवावे लागते. मार्च २०२० पासून त्या निर्णयाचा अर्थ बदलला. ‘जा’ म्हटले, तर एक अख्खी असेंब्ली लाइन आजारी पडण्याची शक्यता होती.

लोक सरकारी यंत्रणेपासून आजार का लपवतात, हे चिंचवडला तरी नव्याने सांगायला नको. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी साथरोग कायदा झाला. पुण्यात सोल्जर घरात शिरून रोगी शोधू लागले आणि घरच्यांनी रोगी लपवले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी झाडणारे चापेकर बंधू चिंचवडचेच. त्याच प्लेगमध्ये दुसरी एक वाटही होती. हडपसरजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले रोग्यांवर उपचार करत होते आणि सावित्रीबाई स्वतः रोगी तिथे पोहोचवत होत्या. १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगनेच गेल्या. एकीकडे रोग्याला ओढून नेणारी सत्ता, दुसरीकडे रोग्याला हवेसे वाटणारे दार. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने पुन्हा हाच कायदा लागू केला. इमारतीला बांबू आणि पत्रे ठोकले जाऊ लागले. बाधित निघालो तर क्वारंटाइन सेंटरला नेतील, घरमालक खोली सोडायला लावील, या भीतीने माणसे ताप दडवू लागली. तरीही नेहमीच्या डॉक्टरला ती सांगत होती, निदान फोनवर तरी. शासनाच्या कुठल्याही सर्वेक्षणाला जे कळत नव्हते, ते या माणसाला कळत होते.

मुंबई महापालिकेला हे धारावीत लवकर उमगले. एप्रिल २०२० मध्ये वस्तीतलेच खासगी डॉक्टर पीपीई किट घालून गल्लीबोळांत उतरले आणि त्यांनी सत्तेचाळीस हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. ओळखीच्या डॉक्टरला लोकांनी दार उघडले. इटलीत त्याच सुमारास उलटे घडत होते. व्हारेसे प्रांताच्या डॉक्टर संघटनेचे अध्यक्ष रोबेर्तो स्तेल्ला हे स्वतः फॅमिली डॉक्टर. ११ मार्च २०२० रोजी ते कोविडने गेले. मास्क आणि हातमोज्यांचा पुरवठा रुग्णालयांनाच अपुरा होता, मग बाहेरच्या दवाखान्यापर्यंत काय पोहोचणार? आपल्याकडच्या गाळ्यांतही पहिले काही आठवडे रेनकोट, घरी शिवलेले मास्क आणि टेबलापुढे टांगलेला प्लास्टिकचा पडदा यांवरच भागवले गेले.

फोनवर औषध सांगणे आज साधे वाटते. पण २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका रुग्णमृत्यूच्या प्रकरणात, हजर नसताना फोनवरून औषधे सांगणाऱ्या डॉक्टर दांपत्याला मुंबई उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला होता. त्यानंतर राज्यातले डॉक्टर फोनला धास्तावले. २५ मार्च २०२०, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, केंद्राची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे आली आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चिठ्ठीलाही आधार मिळाला. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, लोकांच्या तोंडचे वायसीएम, कोविडकडे वळवले गेले. मधुमेह आणि रक्तदाबाची माणसे जाणार कुठे? ती पुन्हा याच डॉक्टरांच्या फोनवर आली. रात्री दोनलाही.

मे महिन्यात गावी निघालेल्या मजुरांना श्रमिक रेल्वेसाठी डॉक्टरचे प्रमाणपत्र लागू लागले, आणि दवाखान्यांसमोर रांगा लागल्या. संसर्ग टाळण्यासाठी मागितलेल्या कागदाने गर्दी जमवली, ही त्या नियमातली मोठी चूक होती. शासनाने पुढे तो मागे घेतला. कारखाने सुरू झाल्यावर कंपन्या कामगाराकडे ‘फिट’ असल्याचा दाखला मागू लागल्या. तो दाखला देणाऱ्या डॉक्टरची तपासणी कुणी करत नव्हते.

या डॉक्टरांचे सगळ्यात मोलाचे काम औषध देण्याइतकेच ते न देण्यात होते, असे मला वाटते. १६ जून २०२० रोजी ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष आले. डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने, तर ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने घटले होते. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना मात्र काही फायदा झाला नव्हता. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या दिवशी घरी तापाने पडलेल्या माणसाला ते देणे चुकीचे होते. मधुमेह असेल तर धोका आणखी मोठा. दुसऱ्या लाटेतल्या म्युकरमायकोसिसने तो दाखवला. रेमडेसिविरचेही तेच. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरू नये असे सांगितले, आणि एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या एका कुपीसाठी लोक दागिने मोडत होते. अशा वेळी समोर रडणाऱ्या मुलाला ‘तुझ्या वडिलांना याची गरज नाही’ असे सांगायला वर्षानुवर्षांची ओळख लागते. काही डॉक्टर या दबावापुढे झुकले, त्यांनी सर्वांना सरसकट स्टिरॉइड आणि सीटी स्कॅन लिहून दिले. हेही नोंदवले पाहिजे.

जे टिकले, त्यांच्या हाती ऑक्सिमीटर आणि सहा मिनिटे चालण्याची चाचणी एवढेच होते. आधी सॅच्युरेशन बघायचे, घरातल्या घरात सहा मिनिटे चालायचे, पुन्हा बघायचे. आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीन टक्क्यांहून अधिक घसरला, तर रुग्णालय. दहा बाय दहाच्या खोलीत ही चाचणी कशी करायची, हे फोनवर समजावणारे तेच. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर मैदानावर उभारलेल्या जम्बो केंद्रात कुणाला आणि कधी पाठवायचे, हा पहिला निवाडाही त्यांचाच. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणारा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला जात असताना खाट वाचवणे म्हणजे ऑक्सिजन वाचवणेच होते. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मे २०२१ मध्ये राज्यातल्या फॅमिली डॉक्टरांशी ऑनलाइन संवाद साधला, कोविड कृती दलाच्या तज्ज्ञांनी त्यांच्या शंकांना उत्तरे दिली. हे चांगले झाले. पण साथ सुरू होऊन चौदा महिने उलटले होते.

आता विम्याविषयी. प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेत ३० मार्च २०२० पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचे संरक्षण होते. खासगी डॉक्टर त्यात बसत, पण सरकारने त्यांची सेवा अधिग्रहित केली असेल तरच. नवी मुंबईत एका डॉक्टरांना महापालिकेची ३१ मार्चची नोटीस आली: दवाखाना उघडा ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल होईल. त्यांनी तो उघडा ठेवला. १० जून २०२० रोजी ते कोविडने गेले. पत्नीचा दावा नाकारला गेला. उघडा ठेवा म्हणणे म्हणजे कोविडच्या कामासाठी सेवा घेणे नव्हे, असे म्हणत ९ मार्च २०२१ रोजी उच्च न्यायालयानेही तो फेटाळला. ११ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ बदलला. साथीच्या काळातले कायदे, नियम आणि आदेश एकत्र वाचले तर डॉक्टरांची सेवा घेतली गेलीच होती, असा निर्वाळा दिला. पतीच्या विम्याच्या दाव्यासाठी या बाईंनी पाच वर्षे लढून सगळ्यांसाठी दार उघडले.

त्या दारातून आत जायला मात्र पुरावा लागतो. कोविडचे काम करतानाच मृत्यू आला, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतंत्रपणे सिद्ध करायचे आहे. रुग्णालयातल्या डॉक्टरची हजेरी असते, ड्यूटीचा तक्ता असतो. भोसरीच्या गाळ्यातल्या डॉक्टरची हजेरी कोण घेत होते? मागे उरलेत ते केसपेपरचे गठ्ठे, फोनमधले व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश, शेजारच्या मेडिकल दुकानात अजून जपलेल्या चिठ्ठ्या, आणि रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांची साक्ष. पिंपरी-चिंचवड महापालिकेने आणि चाकण ज्यात येते त्या खेड तालुक्याच्या आरोग्य यंत्रणेने त्या वर्षी आपल्या हद्दीत कोणते दवाखाने सुरू होते, याची यादी आताच करावी. चाळीतल्या लोकांना, कंपाउंडरला, औषध दुकानदाराला विचारून ती अजून करता येईल. दाव्याचा अर्ज हातात घेऊन बसलेल्या घराला तिचा आजच उपयोग आहे.