गंजाखालची अक्षरे

३ ऑगस्ट १८०३ रोजी इंग्रज वकील कर्नल कॉलिन्स शिंद्यांची छावणी सोडून निघाला आणि युद्ध अटळ झाले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले तेव्हा आमच्या मलकापूरजवळ तळ देऊन होते. गावाला फौजांची सवय होती. १७६१ मध्ये राघोबादादांच्या सैन्याला ६०,००० रुपये मोजून त्याने लूट टाळली होती. पुढची असई-अडगावची कथा वाचकांना ठाऊक आहे. मला लहानपणापासून छळणारा प्रश्न वेगळाच: त्या तळावरच्या सरदारांनी अंगात काय घातले असेल? तोफा-बंदुकांपुढे चिलखताचे दिवस भरत आले होते.

या प्रश्नाचा माग काढता काढता मी जपानपर्यंत गेलो. जुनी सामुराई चिलखते मिळवून ती दुरुस्त करणे हा जगभर अनेकांचा छंद आहे. लोखंडी पट्ट्यांवर झाडाच्या चिकाचा चकचकीत लेप आणि पट्ट्या जोडायला रेशमी गोफ, अशी त्यांची घडण. लेप लोखंडाला वाचवतो, रेशीम मात्र कुजते. छंदिष्ट नवा गोफ ओवतात. चिलखत देखणे होते आणि जुन्या गोफाचा रंग व ओवणीची रीत, दोन्ही पुसली जातात.

वस्तूची ओळख हरवली की काय होते, ते लंडनला पाहावे. १६१३ मध्ये शोगुन तोकुगावा हिदेतादाने इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजासाठी जॉन सारिसच्या हाती चिलखते पाठवली. पुढे टॉवर ऑफ लंडनमध्ये त्यांतले एक चक्क मोगल बादशहाची भेट म्हणून दाखवले जाई!

आपल्याकडे उलट घडले. बिकानेरचा राजा अनूपसिंह औरंगजेबाच्या चाकरीत दक्षिणेत होता. १६८९ च्या सुमारास अदोनीच्या किल्ल्यातली शस्त्रे आणि चिलखते लुटीत त्याच्याकडे आली. आदिलशाही बुडाल्यावर हा किल्ला सिद्दी मसूदच्या ताब्यात उरला होता. बिकानेरच्या कारकुनांनी त्यांतल्या कित्येक नगांवर टोच्याने ठिपके मारून देवनागरीत नोंद केली: अदोनीची लूट, अमुक साल. या नगांपैकी काही आज परदेशी संग्रहालयांत आहेत आणि त्यांचे मूळ गाव सांगायला एवढे ठिपके पुरतात. दख्खनी चिलखतांचा इतिहास लिहिणाऱ्यांवर त्या अनाम कारकुनांचे ऋण मोठे आहे.

आपल्या चिलखतावर लेप नसतो. उघड्या लोखंडाची कडी कडीत अडकवलेली. प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत गुंतते. चांगल्या कामात सबंध कड्यांची एक ओळ आणि रिव्हेट मारलेल्या कड्यांची एक ओळ येते. नुसती टोके जुळवलेली कडी बहुधा नंतरची किंवा शोभेची. पितळ आणि लोखंड मिसळून नक्षी काढली की ते गंगाजमनी. हे सारे रिव्हेटच्या टाचणीएवढ्या डोक्यावरून आणि ठिपक्यांवरून वाचायचे असते. पॉलिश पेपर नेमका तेवढाच थर नेतो. लखलखीत केलेले चिलखत माझ्या मते मुके चिलखत होय.

ज्या वाड्यांत, देवघरांत असे काही उरले असेल त्यांना विनंती: दसऱ्याला ते चिंच-लिंबाने घासू नका. आधी सर्व बाजूंनी फोटो काढा, तिरप्या उजेडात अक्षरे शोधा. सुटा गंज मऊ ब्रशने झाडा, कोरड्या जागी ठेवा, पाण्याचा हात लावू नका. तुटलेली कडी तशीच राहू द्या आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पुढचा हात लावू नका.